कारण : खिसे

आमच्या अंगणवाडीत मोबाइलला रेंज येत नाही. रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ, तीही टाकीच्या उत्तरेच्या अंगाला उभं राहिलं तर. त्यामुळे दर महिन्याला मुलांची वजनं घ्यायची असली की आमची मदतनीस दुर्गाबाई दारात काट्याजवळ उभी राहते, मी टाकीपाशी उभी राहते, ती आकडा ओरडते आणि मी तो फोनमध्ये भरते. मध्ये पंचवीस पावलांचं अंतर आहे. हे अंतर मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचा अर्धा दोष मी या अंतराला देणार आहे. उरलेला अर्धा माझा. दुर्गाबाईला देता येत नाही, ती भांडते.

मी दैवशाला. केदारखेड्याच्या पुढं फाट्यावरून आत वळलं की आमची वाडी लागते. तिथल्या अंगणवाडीत मी अकरा वर्षं सेविका आहे. पटावर तीन ते सहा वयाची सतरा मुलं. अकरा वर्षांत या वयाच्या माणसांबद्दल मला एक गोष्ट कळलीय. त्यांना काहीही समजावून सांगता येतं, फक्त सांगितलेलं परत घेता येत नाही.

आमच्या भिंतीवर मी एक शिडी रंगवलीय. खालच्या पायऱ्या लाल, मधल्या पिवळ्या, वरच्या हिरव्या. प्रत्येक पोराचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्या त्याच्या पायरीवर टांगलेला. वजन वयाच्या मानानं फारच कमी असलं तर लाल, थोडं कमी असलं तर पिवळा, बरं असलं तर हिरवा. ही रंगांची पद्धत सरकारची. माझी भर एवढीच की ज्याचा फोटो खालच्या रंगातून वरच्या रंगात जाईल, त्यानं त्या दिवशी जेवणाची घंटी वाजवायची. घंटी म्हणजे लिंबाला टांगलेला नांगराचा जुना फाळ आणि ट्रॅक्टरचा एक बोल्ट. आवाज पार पारापर्यंत जातो. पोरांना त्याहून जास्त काही नको असतं.

लाल रंगात एकच फोटो होता, इरमचा. वय चार वर्षं, वजन दहा किलो सहाशे. लालमधल्या पोराला रोज एक उकडलेलं अंडं मिळतं आणि दर आठवड्याला नर्सबाई येऊन तपासून जाते. लाल सुटला की दोन्ही बंद. इरमच्या वयाला लालची हद्द अकरा किलो, म्हणजे मध्ये फक्त चारशे ग्रॅम. त्या चारशे ग्रॅमच्या मागं आम्ही कितीतरी महिने लागलो होतो. इरम रोज सकाळी आली की आधी आपल्या फोटोकडं बघायची, मग घंटीकडं, मग माझ्याकडं. अशी नजर रोज सकाळी साडेनऊला कुणी सहन करून दाखवावी.

इरमचे आईबाप जालन्याला कामाला. ती इथं आजीजवळ राहते. आजी कमरबी शिवणकाम करते. इरमचे सगळे फ्रॉक तिनंच शिवलेले आणि प्रत्येक फ्रॉकला चार खिसे, दोन बाहेरून आणि दोन आतून. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "इस लडकी के हातमें कुछ टिकता नै, बाई. सगळं सांडत येती. म्हून खिसे." मला ते पटलं. खिशांचा विषय माझ्यापुरता तिथं संपला होता.

जानेवारीत संक्रांत झाली आणि वरून निरोप आला की अंगणवाडीत बोरन्हाण करा, संध्याकाळपर्यंत फोटो टाका. त्याच आठवड्यात वजनं भरायची राहिलेली, कारण काट्याचे सेल संपले होते आणि ते यायला बारा दिवस लागले. शुक्रवारी सेल आले. शुक्रवारीच बोरन्हाण होतं.

बोरन्हाणाला खरं म्हणजे एका पोराला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं ओततात आणि बाकीची पोरं ती लुटतात. पण एकालाच बसवलं असतं तर सोळा आया माझ्याशी बोलल्या नसत्या. म्हणून आम्ही सतराही जणांना सतरंजीवर ओळीनं बसवलं. बायकांनी सुपं भरभरून बोरं आणली होती. हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या असं सगळं त्यात होतं. कमरबीनं खजूर आणले. सगळ्या बायकांनी एकदमच ओतलं. मग दहा मिनिटं मला एकही पोरगं दिसलं नाही, फक्त पाठी दिसत होत्या. फोटो चांगले आले.

सव्वाबाराला मी ते टाकायला टाकीपाशी गेले, तेवढ्यात आमच्या पर्यवेक्षिका वंदना मॅडमचा फोन आला. "ताई, वजनं राह्यली तुमची. एक वाजेपर्यंत भरा, मंग सिस्टम बंद होऊन राह्यली. जल्दी करा."

मी टाकीपासूनच हाक मारली. दुर्गाबाईनं पोरांना रांगेत लावलं. थंडी होती, सगळ्यांच्या अंगात स्वेटर होते. ते काढायला सांगायचं असतं, पण पाऊण तासात सतरा स्वेटर काढून परत घालायचे म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

"सोमेश्वर, पंधरा तीनशे!" दुर्गाबाई ओरडली.

मागच्या महिन्यात चौदा सहाशे होता. मी भरलं.

"अकिब, चौदा नऊशे!"

तोही सातशेनं वर. मी भरलं. राजानंद, सहाशेनं वर. मला वाटलं, खिचडीत शेंगदाणे वाढवले होते त्याचा हा गुण. ती कल्पना माझीच होती, म्हणून मला ती लगेच पटली.

"इरम, अकरा सातशे!"

"किती?"

"अकरा सातशे! कान गेले काय?"

तेव्हाच पंचवीस पावलं चालत जाऊन बघायला पाहिजे होतं. एका महिन्यात अकराशे ग्रॅम वाढायला ती काय रेडकू आहे? पण मी गेले नाही. मी टाकीच्या आडोशाला उभी राहून पदरानं डोळे पुसले. मग आकडा भरला. फोनवर इरमच्या नावापुढचा लाल ठिपका पिवळा झाला. अकरा वर्षांत मला त्या फोननं दिलेला तो पहिला आनंद होता.

मी आत आले आणि सगळ्यांसमोर इरमचा फोटो लाल पायरीवरून काढून पिवळ्या पायरीवर टांगला. ती फोटोकडं बघत राहिली. मग मी तिच्या हातात बोल्ट दिला. तिनं घंटी मोजून चौदा वेळा वाजवली. पारावरून दोन माणसं कुठं आग लागली का बघायला आली.

जेवताना अकिबनं विचारलं, "बाई, आमी समदे एकदमच कसं वाढलो?"

इथं मी समजावून सांगायची पहिली चूक केली. म्हणाले, रोज ताटातलं सगळं संपवलं की ते अंगात साठत जातं, झोपेत हळूहळू वाढत जातं, आणि मग एक दिवस काट्यावर दिसतं. पोरं समाधानानं ऐकत होती. सोमेश्वरनं लगेच आपल्या दंडाला हात लावून पाहिला. इरमनं पहिल्यांदाच खिचडी परत मागितली, हे मात्र मी माझ्या बाजूनं सांगून ठेवते.

सोमवारी अंडी देणारा भुजंग आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "तुमच्या वाडीचं नाव यादीत न्हाई ना बाई. लालमधी कुनीच न्हाई म्हनून दाखवून राह्यलं." इरम तिच्या जागेवर ताट घेऊन बसली होती. खिचडी वाढून झाली तरी तिनं हात लावला नाही.

"अंडं?" ती म्हणाली.

"तू मोठी झालीस ना आता. मोठ्यांना नाही लागत."

"कोन म्हनलं?"

तेवढ्यात दुर्गाबाई खराटा घेऊन कुरकुरत आली. बोरन्हाणाच्या दिवशी झाडताना आपल्याला घरी न्यायला काही उरलं नाही, हे तिचं दुःख तीन दिवस चालू होतं. "सोळा सुपं आल्ती," ती म्हणाली. "अन झाडताना निघाले काय, तर दोन मुठी. एवढी बोरं गेली कुठं?"

"पोरांनी खाल्ली असतील."

"एवढ्या वेळात? त्यायनं तर तोंडाला लावलं न्हाई. समदं भरून राह्यले व्हते."

आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग दोघींनी इरमच्या फ्रॉककडं पाहिलं. चार खिसे, वर स्वेटरचे दोन. मी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, इरम, जरा उभी राहा.

दहा किलो सहाशे.

"इरम, त्या दिवशी खिशात काय होतं?"

"बोरं," ती सरळ म्हणाली. "अन शेंगा. अन ऊस. शब्बोसाठी." शब्बो ही त्यांची शेळी. त्या दिवशी शब्बोनं एक किलोवर बोरं आणि शेंगा खाल्ल्या आणि ते वजन मी सरकारच्या खात्यावर इरमच्या नावानं जमा केलं होतं.

मी टाकीपाशी जाऊन वंदना मॅडमना फोन लावला. मी बोलायच्या आधी त्याच बोलल्या. "ताई, मी तुम्हालाच करणार व्हते! सतरा पोरांत मिळून अकरा किलोची वाढ. वर नाव गेलं तुमचं. गुरुवारी मोठे साहेब स्वतः येऊन राह्यले बघायला. सव्वीस जानेवारीला सत्कार हाय, साडी-चोळी अन प्रमाणपत्र."

"मॅडम, चूक झाली. ती बोरं होती."

"काय होती?"

मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ताई, भरलेलं वजन वर न्यायला काई लागत न्हाई, पन खाली आनायचं म्हनलं की साहेबांची परवानगी लागती. अन साहेब तर तुमचं कौतुक करायला येऊन राह्यले. तुम्ही असं करा, दर महिन्याला शंभर-शंभर ग्रॅमनं हळूहळू खाली आना. कुनाच्या ध्यानात येनार न्हाई."

मी मनात हिशोब केला. अकरा सातशेवरून शंभर-शंभरनं खाली येत इरमला परत लाल व्हायला आठ महिने लागले असते. तोवर अंडं नाही, नर्सबाई नाही. अंडं काय, मीही आणलं असतं, आणलंच. माझ्या घरी दोन कोंबड्या आहेत. एक खुडूक होऊन बसलेली आणि दुसरीनं मंगळवारपासून बंद केलं, मग दुकानातून आणलं. पण नर्सबाई काही दुकानात मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात इरमला ताप आला तेव्हा तो नर्सबाईनंच पहिल्यांदा ओळखला होता. ती आठ महिने आली नाही तर काय, या विचारानं मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कमरबी दारात येऊन उभी राहिली. "बाई, पोरगी म्हनून राह्यली, मी मोठी झाली म्हून अंडा बंद झाला. अन मोठी झाली म्हून खूश बी हाय. मेरेकू समजत नै, हसू का रडू."

मला त्या बाईच्या डोळ्यांत बघवेना. मी शुक्रवारी त्या पोरीला खोटं मोठं केलं होतं. ते आता तिला सांगायचं होतं, आणि एकटीला सांगायचं धाडस नव्हतं म्हणून मी सतराही जणांना एकत्र सांगायचं ठरवलं. माणूस असाच असतो.

मंगळवारी मी टोपलीभर बोरं घेऊन आले. सोमेश्वरला काट्यावर उभं केलं. आकडा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मग त्याचे खिसे बोरांनी भरले, परत आकडा वाचला. वाढला. बोरं काढली, कमी झाला. असं मी सहा पोरांचं केलं. मग म्हणाले, "कळलं का? त्या दिवशी वाढलं ते आपण नाही, खिसे वाढले होते. आपण होतो तेवढेच आहोत."

पोरं विचारात पडली. मला वाटलं, जमलं. या विषयावर याहून सोपं कुणी समजावून सांगितलं नसेल.

अकिबनं हात वर केला. "मंग बाई, वाढायला खायचं कशाला? खिसे भरले की झालं."

"तसं नाही रे."

"घंटी तर वाजली," सोमेश्वर म्हणाला. "इरमनं वाजवली. म्या ऐकली."

इरम भिंतीवरच्या तिच्या फोटोकडं बघत होती. फोटो अजून पिवळ्या पायरीवरच होता. तो खाली आणायला माझा हात धजला नव्हता, आणि तिनं त्याचा अर्थ तिच्या परीनं लावला असणार. बाईंनी फोटो हलवला नाही, म्हणजे ती बोरांची गोष्ट बाकीच्यांची असेल.

गुरुवारी साहेब आले. सोबत वंदना मॅडम, फोटो काढायला एक माणूस आणि ड्रायव्हर. साहेब भला माणूस होता. बूट बाहेर काढून आत आले, सतरंजीवर पोरांच्या ओळीला बसले. त्यांच्या मोज्याला भोक होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही, म्हणून मला ते आवडले.

"काय रे बाळांनो," साहेब म्हणाले, "एका महिन्यात एवढं वजन वाढलं तुमचं. कशानं?"

"बोरांनं!" सतरा जण एकदम ओरडले.

साहेबांनी वंदना मॅडमकडं पाहिलं. "इंटरेस्टिंग. बोरात जीवनसत्त्व असतंच. लिहून घ्या." फोटो काढणाऱ्या माणसानं लिहून घेतलं. साहेबांनी सोमेश्वरला विचारलं, "दिवसाला किती बोरं खातोस?"

"खात न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "ठिवतो."

साहेब हसले. त्यांना वाटलं, पोरगं लाजतंय. ते म्हणाले, चला, आपण वजन करून बघू. वंदना मॅडमनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काट्याचे सेल काढून ठेवायला पाहिजे होते. ते मला सुचलं नव्हतं.

सोमेश्वर चढला. सोळा आठशे.

मी आकडा दोनदा वाचला. शुक्रवारी बोरांसकट तो पंधरा तीनशे होता. अकिब पंधरा नऊशे. राजानंद चढताना खुळखुळला. साहेब टाळ्या वाजवत होते. तेव्हा मला कळलं. पोरांना माझं समजावून सांगणं बराबर समजलं होतं. मोठं व्हायला खिसे लागतात, आणि बोरं संपली तर रस्त्यावर खडी पडलेली आहे. आमच्या वाडीच्या रस्त्याचं काम दोन वर्षं चालू आहे, खडीला काय तोटा.

मग इरम चढली. बारा किलो नऊशे. ताठ उभी होती. चारी खिसे फुगलेले, स्वेटरही. ती काट्याकडं बघत नव्हती, घंटीकडं बघत होती. तिचा हिशोब उघड होता. पिवळ्यातून हिरव्यात गेलं की परत वाजवायला मिळते.

"वा!" साहेब म्हणाले. "ही लालमधून आलेली ना? हिचाच फोटो घेऊ." माणसानं कॅमेरा वर केला.

सत्काराची साडी माझ्या डोळ्यांसमोर आली नाही असं मी म्हणणार नाही. मोरपंखी रंगाची आली, काठही दिसले. पण त्या साडीत मला नर्सबाई दिसत नव्हती.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "इरम, खिसे रिकामे कर."

वंदना मॅडमनी डोळे मिटून घेतले. इरमनं माझ्याकडं पाहिलं. दोन्ही हात खिशांवर घट्ट दाबले.

"बाई, कमी होईल," ती म्हणाली.

"होऊ दे."

"मंग फोटो?"

"फोटो खाली येईल." मी तिच्यासमोर खाली बसले. "पण अंडं येईल. नर्सबाई येईल."

"अन घंटी?"

"घंटी नंतर. खरी वाढलीस की."

तिनं आतल्या खिशातून एक खडा काढला. ठेवायला जागा दिसेना, म्हणून समोर बसलेल्या साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी घेतला. दुसरा दिला. तिसरा दिला. साहेबांची ओंजळ भरली तेव्हा ड्रायव्हरनं रुमाल पुढं केला. काट्यावरचा आकडा खाली येत होता आणि इरम पहिल्यांदाच आकड्याकडं बघत होती. शेवटचा खडा देईपर्यंत ती रडली नाही. तो दिल्यावर मात्र अशी रडली की बाहेर उभ्या कमरबीनं चौकट धरली. दहा किलो सहाशे.

"मी ल्हान झाले," इरम हुंदके देत म्हणाली.

नाही गं, तू होतीस तेवढीच आहेस, असं मला म्हणायचं होतं. पण हे मी मंगळवारी एकदा सांगून पाहिलं होतं. मी तिला उचलून घेतलं. चार वर्षांच्या पोरीला एका हातावर उचलता येऊ नये. मला येत होतं.

बाकीच्या सोळा जणांनी न सांगता आपले खिसे रिकामे केले, सतरंजीवर खडीचा ढीग झाला. मग साहेब उठले, मला म्हणाले, "परवानगी देतो. कुठं रेंज येते?" मी टाकी दाखवली. ते मोज्यांवरच टाकीपर्यंत चालत गेले, उत्तरेच्या अंगाला. फोनवर वजन कमी करायची खिडकी उघडली. कारणांची यादी आली. आजार. स्थलांतर. इतर.

"इतर," साहेब म्हणाले. पुढं रिकामी चौकट होती. "काय लिहायचं?"

मी लिहिलं, "खिसे."

साहेबांनी वाचलं आणि मंजूर केलं, मग बाकीच्या सोळा जणांचंही तसंच. माझ्या माहितीत सरकारनं हे कारण त्याआधी कधी मंजूर केलेलं नाही. सव्वीस जानेवारीला सत्कार दुसऱ्या सेविकेचा झाला. साडी मोरपंखी नव्हती, पिवळी होती, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

सोमवारी भुजंग अंडं घेऊन आला. इरमनं ते खाल्लं, पण माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. सकाळी आली की परत लाल पायरीवर आलेल्या फोटोकडं बघायची, घंटीकडं बघायची, माझ्याकडं बघायचं सोडून दिलं होतं. ती जुनी नजर परवडली होती.

त्या दिवसापासून आमच्याकडं एक नवीन रीत पडली. ती मी घातलेली नाही. वजनाच्या दिवशी सतरा पोरं रांगेत उभी राहतात आणि चढायच्या आधी आपापले खिसे उलटे करून बाहेर काढतात. पांढऱ्या अस्तराच्या जिभा दोन्हीकडं लोंबत असतात. इरमच्या चार असतात.

फेब्रुवारीत ती दहा सातशे पन्नास भरली. मी तिला दाखवलं, म्हणाले, बघ, दीडशे ग्रॅम खरे. तिनं मान हलवली. माझ्याशी ती बोलायला लागली होती, पण तिचा विश्वास बसलेला नव्हता आणि मी त्याला काही म्हणू शकत नव्हते.

मार्चच्या वजनाला मी टाकीपाशी उभी होते. दुर्गाबाईनं दहा-बारा आकडे ओरडले. मग ओरडणं थांबलं. मी वळून पाहिलं तर तिनं इरमला काट्यावरून खाली उतरवलं होतं, खिसे चाचपले, वेणी चाचपली, तोंड उघडायला लावलं, परत चढवलं. मग परत उतरवलं, परत चढवलं. आणि मग दुर्गाबाई ओरडली नाही. पंचवीस पावलं चालत माझ्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "अकरा पन्नास."

"खिसे?"

"उलटे हायेत."

मी फोन हातात धरून उभी राहिले. अकरा किलो पन्नास ग्रॅम. हद्द ओलांडली होती, पन्नास ग्रॅमनी. पन्नास ग्रॅम म्हणजे एक अंडं. बहुतेक कालचंच. हा आकडा भरला की ते अंडं बंद, नर्सबाई बंद, आणि पुढं उन्हाळा.

मी दहा नऊशे पन्नास भरलं. जाणूनबुजून भरलेला माझ्या नोकरीतला हा पहिला खोटा आकडा. फोननं काही विचारलं नाही. हळूहळू वाढलेल्याला तो काही विचारत नाही.

आत येऊन मी इरमचा फोटो पिवळ्या पायरीवर टांगला. ती जागेवरून उठली नाही. मी बोल्ट पुढं केला तर म्हणाली, "खिसे तर रिकामे हायेत."

"म्हणूनच."

तिनं घंटी एकदाच वाजवली. जोरात नाही, ऐकून बघावी तशी. मग उरलेल्या तेरा वेळा वाजवली. पारावरून कुणी आलं नाही, त्यांना आता सवय झालीय.

दुसऱ्या दिवशी भुजंग नेहमीसारखा आला. इरमच्या ताटात अंडं पडलं. तिनं अंड्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडं पाहिलं.

"बाई, मी पिवळी झाले ना? मंग हे कसं आलं?"

"फोनला अजून कळलं नाही," मी म्हणाले.

ती अंडं सोलायला लागली. माझ्या कमरेला खोचलेल्या फोनकडं तिनं एकदा निरखून पाहिलं.

"त्यो ल्हान हाय का?"

"हो."

"मंग त्याला हळूहळू सांगा," इरम म्हणाली. "एकदम नका सांगू. रडंल."